आणणाऱ्याचे नाव

मावशींनी सही करायला पेन उचललं, टोपण काढलं आणि कागदाकडे थोडा वेळ बघून ते पुन्हा टेबलावर ठेवून दिलं.

“यात काय लिहिलंय, ते एकदा वाचून दाखवता का? चष्मा कामावर राहिलाय.”

बाईंनी पत्र हातात घेतलं. पत्र मावशींच्या नावानं होतं, पण लिहिलं होतं बाईंनीच, आदल्या दिवशी दुपारी, तीनदा खोडून. मी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. मी बालगृहात वाढले. मला तिथे कोणी आणून सोडलं ते बालगृहाच्या जुन्या रजिस्टरात लिहिलेलं आहे, आणि ते बालगृह बंद पडल्यापासून ती रजिस्टरं या अभिलेखागारात आहेत. पण त्यांची यादी नाही, बसून बघायला जागा नाही, शोधून द्यायला माणूस नाही. दोन वर्षांत मी सहा वेळा इथे आले आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी घेऊन परत गेले.

मावशी मान हलवत ऐकत होत्या. शेवटच्या वाक्याला मान थांबली.

“मी रडले नव्हते, बाई.”

“नव्हता. पण अनुदान समितीला नुसतं ‘परत गेले’ म्हणून कळत नाही हो.”

“असू द्या मग. तुमच्या कामाला लागत असेल तर असू द्या.”

आणि सोड्यानं भेगाळलेल्या बोटांत पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जागेवर बसवत त्यांनी सही केली.

दारावर ‘सार्वजनिक अभिलेखागार’ अशी पाटी होती, पण शहरात त्या इमारतीला सगळे दप्तरखानाच म्हणत. बाई तिथल्या प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर एक टंकलेखक होता तो निवृत्त झाल्यावर त्याची जागा कोणी भरली नाही, आणि उरला एक शिपाई. त्याच्या कमरेला कायम चौदा किल्ल्यांचा जुडगा असे, म्हणून त्याला किल्लीदार म्हणत. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरांचे नकाशे, बंद पडलेल्या शाळांची हजेरीपुस्तकं, दवाखान्यांच्या वह्या, असं सगळं तीन मजल्यांवर आणि तळघरात कोंबलेलं होतं. कुठे काय आहे ते बाईंना माहीत होतं, आणि बाईंना नसलं तर किल्लीदाराला. दोघांनाही माहीत नसलं की ती वस्तू जगात नाही असंच समजायचं.

अनुदानासाठी बाईंनी याआधी दोनदा अर्ज केला होता. सार्वजनिक अभिलेखागारांनी आपल्या सेवा वाढवाव्यात, सुधाराव्यात म्हणून ते अनुदान होतं. दोन्ही वेळा अर्ज परत आला, आणि वर एकच शेरा: वाचकांची गरज दिसून येत नाही.

“गरज दिसायला वाचक आले पाहिजेत,” किल्लीदार म्हणाला होता. “वाचक यायला खुर्ची पाहिजे. आणि खुर्ची यायला अनुदान पाहिजे. छान आहे.”

म्हणून या तिसऱ्या खेपेला बाईंनी ठरवलं की गरज दाखवायचीच. आणि दाखवण्यासारखं माणूस त्यांच्यासमोर एकच होतं.

पत्रानं काम केलं. चार महिन्यांनी मंजुरीचा कागद आला तेव्हा बाईंनी तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला आणि मग किल्लीदाराला वाचायला दिला. त्यानं तो न वाचता कपाळाला लावला. घरी गेल्यावर बाईंनी चपलाही न काढता नवऱ्याला सांगितलं. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, कुठल्याही आनंदाला आधी व्याकरण लावणारे. मंजुरीच्या कागदाची छायाप्रत दोनदा वाचून ते म्हणाले, “यात ‘सेवा’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि ‘कागद’ एकदाही नाही. बघ बरं का.”

बाई हसल्या. त्या दिवशी त्यांना सगळ्याचंच हसू येत होतं.

महिन्याभरात समितीचे निरीक्षक पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि त्या आठवड्यातलं हे त्याचं पाचवं अभिलेखागार होतं. वरचे तिन्ही मजले बघताना ते यादीवर भराभर खुणा करत गेले. नकाशे घ्या, लग्नांच्या नोंदी घ्या, याला मागणी असते. इथे काचेची खोली, इथे छायाप्रतींचं मशीन, इथे लोक बसतील. मग बाई त्यांना तळघरात घेऊन गेल्या.

पायऱ्या उतरतानाच निरीक्षकांनी रुमाल नाकाला लावला. वर्षापूर्वी सलग तीन सुट्ट्या आल्या होत्या आणि त्या सुट्ट्यांत वरची पाण्याची पाइप फुटली होती. चौथ्या दिवशी किल्लीदारानं दार उघडलं तेव्हा तळघरात घोटाभर पाणी होतं. पाणी उपसलं, खिडक्या उघडल्या, पंखे लावले. पण बालगृहाची दोनशे बारा रजिस्टरं होती ती भिंतीलगत खालपासून वरपर्यंत रचलेली. खालची भिजली. वरच्यांनी हळूहळू ओल ओढून घेतली. आता त्यांच्या कण्यांवर हिरवट काळी बुरशी चढली होती.

“ही सुकवून, पानं सुटी करून घ्यावी लागतील,” बाई म्हणाल्या. “अर्जात मी लिहिलंय. परिशिष्ट तीन.”

निरीक्षकांनी परिशिष्ट तीन काढलं आणि उभ्यानंच वाचलं.

“ही दुरुस्ती झाली. अनुदान सेवेसाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही.”

“पण ज्या पत्रावर तुम्ही मंजुरी दिलीत, त्या मावशींची नोंद यातच आहे.”

“पत्र उत्तम होतं,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. “समितीत मोठ्यानं वाचलं. पण एका माणसासाठी दोनशे रजिस्टरं नाही हो घेता येत. वर बघा, वर्षाला हजारो लोकांची सोय होईल.”

त्यांनी परिशिष्ट तीनवर आडवी रेघ मारली आणि सुधारित यादीवर बाईंची सही मागितली. सही केली नाही तर सगळाच प्रस्ताव पुन्हा समितीपुढे जाणार होता. बाईंनी विचारलं, आठ दिवस मिळतील का? निरीक्षक म्हणाले, मिळतील. पण आठ दिवसांत बदलणार काय? बाईंनी पेन काढलं. त्यांनी तिथेच, पायरीवर कागद टेकवून सही केली.

पुढचे दोन आठवडे रोज दुपारी बाई तळघरात जात होत्या. मावशींकडे बालगृहाची एक चिठ्ठी होती, तिच्यावर वर्ष आणि प्रवेश क्रमांक होता. त्या वर्षाचं रजिस्टर काढायला किल्लीदाराला सहा मिनिटं लागली. खालून तिसरं होतं. ते उचललं तेव्हा त्याला वहीचं वजनच राहिलं नव्हतं, ओल्या विटेचं होतं. ते त्यांनी वर गच्चीच्या खोलीत नेलं, पंख्याखाली ठेवलं, पानांमध्ये कोरे टीपकागद सरकवले. बोथट सुरीनं बाई एकेक पान सोडवायला बघत. काही पानं सुटत, काही दोन पदरांत फाटत, काहींचा नुसता भुगा होई. बाराव्या दिवशी मावशींच्या क्रमांकाचं पान निघालं.

पान जवळजवळ अख्खं निघालं. वरचे छापील रकाने स्वच्छ वाचता येत होते: प्रवेश क्रमांक, दिनांक, अंदाजे वय, अंगावरील वस्त्रे, आणणाऱ्याचे नाव, शेरा. छापखान्याची शाई टिकली होती. हातानं लिहिलेली शाई वाहून गेली होती. रकान्यांखाली वरपासून खालपर्यंत एक फिकट निळा डाग होता, आणि तो सगळीकडे सारखाच होता.

किल्लीदारानं पान खिडकीशी धरून बघितलं, भिंगातून बघितलं, उलटं करूनही बघितलं. मग भिंग बाईंसमोर ठेवून तो चहा आणायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

बाईंनी मावशींना बोलावून घेतलं. निरोपात काही सांगितलं नाही. त्यामुळे मावशी आल्या त्या धुतलेली इस्त्रीची साडी नेसून, आणि टेबलाशी बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर.

बाईंनी पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगायचं ते सांगितलं. सांगताना आपला आवाज कार्यालयी होतोय हे त्यांना ऐकू येत होतं, पण तो बदलता येईना.

मावशी पानावर वाकल्या. मग म्हणाल्या, “आणणाऱ्याचं नाव कुठे असतं यात?”

बाईंनी रकाना दाखवला. मावशींनी त्यावर बोट ठेवलं, आणि लगेच उचललं, जसं ओल्या रंगावर ठेवून उचलतात. बालगृहात दहा वर्षांच्या असताना तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं, की मोठ्या वहीत तुला आणणाऱ्याचं नाव आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. काय ते मात्र मला वाचता येत नाही. एवढ्यावर त्यांनी सत्तेचाळीस वर्षं काढली होती. आई कोण, बाप कोण, हे त्यांनी बाईंना कधी विचारलं नव्हतं. आणून सोडणारं कोण होतं, एवढंच विचारलं होतं.

“पाइप फुटली ती मागच्या वर्षी,” मावशी म्हणाल्या. “मी पहिल्यांदा आले ती त्याच्या आधी.”

“हो.”

“तेव्हा हे वाचता आलं असतं?”

बाईंना ‘सांगता येत नाही’ म्हणता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयारही होतं.

“आलं असतं,” त्या म्हणाल्या.

“किती वेळ लागला असता शोधायला?”

“अर्धा तास. फार तर तास.”

मावशींनी मान हलवली. पत्र ऐकताना हलवली होती, तशीच.

“मग तेव्हा का नाही बघितलंत?”

त्या प्रश्नात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पहिल्यांदा मावशी आल्या तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. टेबलावर अनुदानाचा पहिला अर्ज होता आणि तो संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. मावशी चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या आणि बाईंनी मान वर न करता सांगितलं होतं, की बालगृहाचं दप्तर अजून लावलेलं नाही, अनुदान आलं की सगळं नीट लागेल, मग या.

“मला वाटलं, एकदा सगळं मार्गी लागलं की तुमचंही निघेल,” बाई म्हणाल्या.

मावशी उठल्या. पान दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाईंकडे दिलं आणि म्हणाल्या की दोनची पाळी आहे, निघते. दारापाशी किल्लीदारानं त्यांना पाणी विचारलं. त्यांनी ते घेतलं, पूर्ण प्यायल्या, पेला उपडा करून ठेवला आणि गेल्या.

वाचनकक्षाचं उद्घाटन झालं. काचेची खोली झाली, आठ खुर्च्या आल्या, मशीन आलं. समितीची फार इच्छा होती की पत्र लिहिणाऱ्या मावशींनी दोन शब्द बोलावेत. बाईंनी निरोप पाठवला. मावशी आल्या नाहीत. मग खात्याच्या संचालकांनीच पत्र वाचून दाखवलं. त्यांचा आवाज चांगला होता. ‘डोळ्यांत पाणी घेऊन परत गेले’ या वाक्याला ते क्षणभर थांबले, आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई रुमाल शोधू लागल्या. आपल्या बाई मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभ्या होत्या. सबंध पत्रात खोटं तेवढं एकच वाक्य होतं.

“बैल गेला आणि झोपा केला,” शेजारी उभा किल्लीदार खालच्या आवाजात म्हणाला. मग बाईंचा चेहरा बघून त्याला वाटलं की बोलायला नको होतं, आणि तो उगाचच किल्ल्या मोजायला लागला.

लोक यायला लागले, हे मात्र खरं. कोणाला घराचा नकाशा हवा असायचा, कोणाला आजोबांच्या लग्नाची नोंद. दहा मिनिटांत कागद हातात पडे आणि लोक आभार मानून जात. बाई त्यांना बसा म्हणत, सही कुठे करायची ते दाखवत, आणि महिनाअखेरीला किती जणांचं काम झालं त्याचा तक्ता समितीला पाठवत. घरी त्या फारशा बोलेनाशा झाल्या. नवऱ्यानं एकदा विचारलं, काय होतंय? त्या म्हणाल्या, काही नाही, काम नीट चाललंय. नवऱ्यानं त्यात व्याकरण काढलं नाही. ताट उचलून घेतलं आणि स्वतःच घासून टाकलं.

मग तळघराबद्दल समितीचं पत्र आलं. बुरशी हवेतून वर पसरते, तिच्यामुळे नव्या सामग्रीला आणि वाचकांच्या प्रकृतीला धोका आहे, तरी खराब झालेलं दप्तर तपासणीच्या आधी नष्ट करावं. बाईंनी दोनदा मुदत मागितली, दोनदा मिळाली. तिसऱ्यांदा संचालकांनी फोनवर सांगितलं की आता पुरे. बाईंनी नष्ट करायच्या दप्तराच्या यादीवर सही केली. गाडी मंगळवारी सकाळी आठला येणार असं ठरलं.

सोमवारी दहा वाजता, दार उघडता उघडताच, मावशी आल्या.

उद्घाटनाला तीन महिने होऊन गेले होते. मावशी काचेच्या खोलीत आल्या नाहीत. सरळ बाईंच्या टेबलाशी येऊन त्यांनी पिशवीतून वहीचं एक दुमडलेलं पान काढलं. त्यावर वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत अकरा नावं होती. नावापुढे वर्ष, वर्षापुढे क्रमांक.

“बालगृहातलेच आहेत सगळे. काही माझ्या बरोबरचे, काही मागचे. शोधून शोधून विचारून आणलंय.” त्यांनी पान टेबलावर हातानं सपाट केलं. “यांचं बघा. आज बघा. सगळं लागल्यावर नको. मी इथे बसते.”

बाईंनी नावं वरून खाली मोजली. तेवढ्यात वाचनकक्षात तीन माणसं आली, चौथं दारात होतं.

“मशीन मला येतं,” किल्लीदार म्हणाला. त्याला ते येत नव्हतं. त्यानं कमरेच्या जुडग्यातून तळघराची किल्ली सोडवली आणि बाईंच्या हातात दिली.

पदर खोचून, तोंडाला फडकं बांधून बाई खाली गेल्या. गाडीसाठी रजिस्टरांच्या थप्प्या दाराशी आणून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे वर्षं तरी दिसत होती. पहिलं काढलं, ते एकसंध लगदा झालं होतं. दुसरंही. तिसऱ्यात हवं ते पान कसरीनं चाळणी केलेलं. चौथं वरच्या थरातलं होतं. ते उघडलं, आणि आत काळी, तिरपी, वाचता येणारी अक्षरं होती. बाईंनी तिथेच बल्बखाली उभ्यानं उतरवून घेतलं. मग पाचवं. दोन रजिस्टरं मिळालीच नाहीत. पाऊण वाजेपर्यंत अकरांपैकी तीन नोंदी हाती लागल्या.

त्या वर आल्या तेव्हा मावशी सकाळी बसल्या होत्या तशाच बसलेल्या होत्या. बाईंनी तीन चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि वाचून दाखवल्या. पहिलीत आणणाऱ्याचं नाव: पोलीस शिपाई, क्रमांक सोळा. दुसरीत: आईची आई, खाली डाव्या हाताचा अंगठा. तिसरीत: आई. नाव सांगण्यास नकार.

“नकार म्हणजे, आई स्वतः आली होती?”

“हो. स्वतः.”

“तिच्या कडेवर आली ती,” मावशी स्वतःशीच म्हणाल्या. “आणि ही आयुष्यभर म्हणतेय, मला उकिरड्यावरून उचललं.” त्यांनी ती चिठ्ठी वेगळी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली, बाकीच्या दोन पिशवीत.

बाई हात धुवायला कोपऱ्यातल्या नळाकडे वळल्या. कोपरापर्यंत हात काळे हिरवे झाले होते, साडीच्या काठावरही तेच लागलं होतं.

“थांबा,” मावशी म्हणाल्या. “पाणी लावू नका लगेच. आधी कोरड्या फडक्यानं झाडा, मग धुवा. आधी पाणी लागलं की ते बसतं. मग कितीही घासा.”

बाईंनी तोंडावरचं फडकं सोडलं आणि हात झाडू लागल्या. मावशी पिशवी खांद्याला लावून उभ्या राहिल्या.

“अजून सहा जणांचा पत्ता लागलाय,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात घेऊन येते.”

फडकं थांबलं.

“पुढच्या आठवड्यात नको,” बाई म्हणाल्या. “आत्ता आठवतात तेवढे सांगा.”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. मग उघड्या राहिलेल्या तळघराच्या दाराकडे, आणि त्यातून खाली दिसणाऱ्या, दोरीनं बांधून ठेवलेल्या थप्प्यांकडे. भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून खुर्चीत ठेवली.

“क्रमांक नाहीत माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “वर्षं सांगते. लिहून घ्या.”